सिएनाच्या चर्चमधलं ते चित्र खरंच 'ठाण्याचा दरबार' आहे का? व्हायरल फॉरवर्डला मुद्द्यागणिक उत्तर

ठाण्याच्या, वसईच्या आणि इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर सध्या एक फोटो फिरतोय. मधे उंच आसनावर बसलेला राजा, मांडीवर तलवार, समोर गुडघे टेकून हात जोडलेले संन्यासी, दोन बाजूंना बघ्यांची गर्दी, आणि खाली जमिनीवर तुटून पडलेली डोकी. सोबतचा मजकूर साधारण असा: "इटलीतील सिएना शहराच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये आपल्या ठाण्याचे ७०० वर्षांपूर्वीचे चित्र! ठाण्याचा शिलाहार राजा, त्याचा राजवाडा आणि तेव्हाचे मराठी लोक यांचे प्रत्यक्षदर्शी चित्रण. राजाने चार पोर्तुगीज पाद्र्यांचा भर दरबारात शिरच्छेद केला तो हा प्रसंग. शेजारच्या चित्रात पोप त्या चौघांना ठाण्याला पाठवताना दिसतात. या चौघांच्या स्मरणार्थच हे चर्च बांधले, त्यांची हाडे तिथेच आहेत. व्हॅटिकनने हे चित्र ५०० वर्षे चुन्याखाली लपवले. प्रत्येक ठाणेकराने शेअर करा."

आधी खरं काय ते सांगतो, कारण सगळंच खोटं म्हणून उडवून देण्यासारखी ही गोष्ट नाहीये. सिएनात सान फ्रान्चेस्को नावाचं फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथाचं चर्च आहे, हे भित्तिचित्र तिथेच आहे, काढणारा अँब्रोजो लोरेन्झेत्ती हा चौदाव्या शतकातला फार मोठा चित्रकार आहे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन फ्रायर, म्हणजे त्या पंथाचे फिरते संन्यासी, मारले गेले हेही खरं. आणि त्या चित्राचा ठाण्याशी संबंध असावा असं कलेचा इतिहास अभ्यासणाऱ्या काही जाणकारांनीही म्हटलंय, म्हणजे ही कल्पना कुणा ठाणेकराच्या डोक्यातून निघालेली नाही. पण फॉरवर्डमधे संबंधाची जी कारणं दिलीत ती जवळपास सगळी चुकीची आहेत, आणि जे खरोखर वजनदार कारण आहे ते त्यात कुठेच नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

चर्चपासून सुरुवात करू. संत फ्रान्सिस वारले १२२६ मधे, दोनच वर्षांत म्हणजे १२२८ ला त्यांना संतपद मिळालं आणि त्याच वर्षी सिएनात त्यांच्या नावाच्या चर्चचं काम सुरू झालं. ते पहिलं चर्च १२५५ पर्यंत उभं राहिलं, ठाण्याची घटना घडायला तेव्हा अजून ६६ वर्षं होती, त्यामुळे 'चौघांच्या स्मरणार्थ' ही गोष्ट तारखांतच बसत नाही. गोंधळ बहुतेक १३२६ या सालामुळे झाला असावा, कारण त्या साली जुनं चर्च अपुरं पडायला लागलं म्हणून मोठ्या गॉथिक (टोकदार कमानींच्या शैलीतल्या) चर्चचं काम काढलं, आणि १३२१ नंतर लगेच १३२६ आलं की कुणीही दोन्हीची सांगड घालतो. मोठं चर्च हवं होतं ते प्रवचनासाठी. फ्रान्सिस्कनांचं मुख्य काम शहरातल्या साध्या माणसांना त्यांच्या बोलीत उपदेश करणं, त्याला शेकडो माणसं जमायची, म्हणून या लोकांची चर्चं बघाल तर बहुधा आत एकच लांबरुंद दालन असतं, मधे खांबांच्या रांगा नाहीत, वर लाकडी छत, म्हणजे मागच्या माणसालाही उपदेशक दिसला आणि ऐकू आला पाहिजे. सिएनाचं चर्च याचा अगदी नमुना आहे, आराखडा इंग्रजी टी अक्षरासारखा, शेवटी आडव्या भागात चॅपलांची, म्हणजे छोट्या प्रार्थनाखोल्यांची ओळ. हे बांधकाम रखडत रखडत १४७५ च्या सुमारास पुरं झालं.

आज आत गेल्यावर जे दिसतं त्यातलंही सगळं मध्ययुगीन नाही हेही लक्षात ठेवलेलं बरं. १६५५ ला मोठी आग लागली, बरंच जळलं, मग त्या काळच्या आवडीप्रमाणे बरोक पद्धतीची भरगच्च सजावट झाली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जुझेप्पे पार्तीनी या वास्तुविशारदाने ती सगळी काढून टाकून चर्च पुन्हा 'गॉथिक' केलं. दर्शनी भिंत तर त्याच्याही नंतरची. त्यामुळे बाहेरच्या भिंतीचा फोटो टाकून '७०० वर्षांपूर्वीचे चर्च' म्हणताना जरा जपून.

चुन्याखाली लपवण्याचा मुद्दा. हे चित्र मुळात चर्चमधे काढलेलंच नव्हतं. चर्चला लागून फ्रायर लोकांचा मठ होता, त्यात एक सभेचं दालन असतं ज्याला चॅप्टर हाउस म्हणतात, तिथे मठातले सगळे जमायचे, नेमून दिलेली कामं, चुका, शिक्षा, कुणाला कुठे पाठवायचं, सगळं तिथे ठरायचं. अँब्रोजो आणि त्याचा भाऊ पिएत्रो या दोघांनी त्या दालनाच्या भिंती रंगवल्या. पुढे कधीतरी भिंतींवर चुना मारला गेला. जुन्या इमारतींत हे सगळीकडेच झालंय, रंग उडालेली भिंत, बदललेली आवड, बदललेला वापर, मारला चुना. १८५० च्या दशकात चुन्याखाली चित्रं असल्याचं लक्षात आलं आणि १८५७ ला ती भिंतीवरून काढून चर्चमधे आणली, आज वेदीच्या डाव्या अंगाच्या चॅपलांमधे बघायला मिळतात. एक छोटा तुकडा, चार क्लॅरिस्ट (फ्रान्सिस्कनांच्या स्त्री-शाखेतल्या) जोगिणींचे चेहरे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. लपवायचंच असतं तर दुसऱ्या देशातल्या म्युझियमच्या भिंतीवर कशाला गेला असता?

शिवाय अँब्रोजोने या मठात काढलेल्या चित्रांबद्दल पंधराव्या शतकातच लोरेन्झो गिबेर्तीने भरभरून लिहून ठेवलंय. फ्लोरेन्सच्या बाप्तिस्मागृहाचे प्रसिद्ध ब्राँझ दरवाजे बनवणारा तोच गिबेर्ती. त्याचं लिखाण पुढे फार महत्त्वाचं आहे, त्याच्याकडे परत येतो.

'चार पोर्तुगीज पाद्री' हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण माणसांची नावं, गावं सगळं व्यवस्थित माहीत असताना त्यांना एका फटक्यात पोर्तुगीज करून टाकलंय. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ मधे, ठाण्याची घटना त्याच्या १७७ वर्षं आधीची. हे चौघं म्हणजे तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस. पहिले तिघं इटालियन. डेमेट्रियस जॉर्जियाकडचा, दुभाष्याचं काम करणारा. थॉमस वयस्क होता, आर्मेनियात बरीच वर्षं काढलेला, चीनमधे काम करणाऱ्या फ्रायरांची पत्रं पोपपर्यंत पोचवलेला माणूस. त्यांच्याबरोबर जॉर्डनस नावाचा डोमिनिकन या वेगळ्या पंथाचा एक फ्रेंच फ्रायर होता. त्यांना जायचं होतं केरळात कोल्लमला, होर्मुझहून जहाज पकडलं, आणि जहाजाने त्यांना आणून सोडलं ठाण्याला. ठाणं तेव्हा मोठं बंदर होतं, मार्को पोलोनेही त्याचं नाव घेतलंय.

आणि सिएनाचा पीटर हे नाव परत एकदा वाचा. मी सुरुवातीला ज्याला वजनदार कारण म्हटलं ते हेच. ज्या मठाच्या भिंतीवर हे चित्र आहे त्याच शहराचा मुलगा ठाण्यात मेला. फॉरवर्डवाल्याने हे एक वाक्य लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

शिलाहार राजाचं काय? उत्तर कोकणातली शिलाहारांची सत्ता देवगिरीच्या महादेव यादवाने सोमेश्वराला हरवून १२६५ च्या सुमारास संपवली. नंतर यादव आले, मग खिलजींनी यादवांचं राज्य घेतलं, १३१८ पर्यंत तेही पूर्ण संपलं. १३२१ साली दिल्लीच्या तख्तावर गियासुद्दीन तुघलक होता आणि ठाण्यात दिल्लीच्या वतीने एक मलिक (अधिकारी) आणि एक काझी (न्यायाधीश) कारभार बघत होते. ओदोरिक नावाचा फ्रायर त्यानंतर वर्षभरातच, १३२२ च्या सुमारास, ठाण्याला आला, तो स्पष्ट लिहितो की इथले लोक मूर्तिपूजक आहेत पण राज्य मुसलमानांचं आहे आणि ते दिल्लीच्या राजाच्या अधीन आहेत. म्हणजे ठाण्याचा स्वतःचा राजा तेव्हा कुणी नव्हताच.

(या ओदोरिकने ठाण्याबद्दल अजूनही लिहिलंय. इथे पोरस राजाचं शहर होतं, जो सिकंदराशी लढला, असं त्याला कुणीतरी सांगितलं ते त्याने लिहून टाकलं. पण इथले उंदीर कुत्र्याएवढे असतात आणि मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, हे वाचून ठाण्यातला कुठलाही माणूस चटकन म्हणेल, अहो ही तर घूस. माणूस स्वतः येऊन गेलाय हे अशा ठिकाणी कळतं.)

आता 'भर दरबारात शिरच्छेद'. इथे जरा थांबतो, कारण खरी हकीकत या फॉरवर्डपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे आणि ती आपल्याला दोन जणांकडून कळते, एक जॉर्डनस, जो त्या भागात होता आणि ज्याने स्वतः मृतदेह पुरले, आणि दुसरा ओदोरिक, ज्याने परत गेल्यावर १३३० साली पादुआत ही सगळी हकीकत सांगून लिहवून घेतली.

चौघं ठाण्यात उतरले ते एका नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे. होय, ठाण्यात तेव्हा ख्रिस्ती घरं होती, सोपाऱ्यात चर्च होतं, पोर्तुगीजांचा पत्ताही नसताना. जॉर्डनस पुढे भडोचच्या दिशेने गेला होता. इकडे घरात नवराबायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला बेदम मारलं, आणि ती बाई उठून काझीकडे गेली. काझीने विचारलं साक्षीदार कोण, ती म्हणाली घरात चार फ्रँक (युरोपीय) संन्यासी होते त्यांनी बघितलंय. तिथे अलेक्झांड्रियाचा एक माणूस हजर होता, तो म्हणाला हे शिकलेले लोक आहेत, त्यांना बोलवा, धर्मावर चर्चा करू. अशी सगळी सुरुवात. तिघं गेले, पीटर घर आणि सामान सांभाळायला मागे थांबला. मारहाणीची साक्ष राहिली बाजूला आणि वाद सुरू झाला धर्मावर, काझीने पैगंबरांबद्दल विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं, आणि थॉमसने शेवटी जे उत्तर दिलं त्यावर सगळे खवळले. तिघांना भर उन्हात बांधून ठेवलं. कोकणातलं एप्रिलचं ऊन. मग मैदानात आग पेटवली आणि जेम्सला त्यात घातलं, ओदोरिक सांगतो की तो दोनदा आगीतून सहीसलामत बाहेर आला, दुसऱ्यांदा तर अंगाला तेल लावून. हा चमत्कार मानायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. लोक ओरडायला लागले की ही चांगली माणसं आहेत, त्यांना काही करू नका, आणि मलिकने त्यांना सोडलं, सांगितलं इथून लवकर निघा. त्यांना खाडीपलीकडे नेऊन सोडलं आणि तिथे एका मूर्तिपूजकाच्या घरी त्यांना आसरा मिळाला.

मग काझीने मलिकला पुन्हा भरीस घातलं आणि रात्री हत्यारबंद माणसं पाठवून तिघांना गुपचूप मारलं. ९ एप्रिल १३२१. पीटर नंतर सापडला. त्याला धर्म सोडायला सांगितलं, त्याने ऐकलं नाही, ओदोरिकच्या म्हणण्याप्रमाणे त्याला सकाळपासून दुपारपर्यंत झाडाला टांगून ठेवलं आणि मग कापलं. ११ एप्रिल. ओदोरिक असंही लिहितो की खुनाच्या रात्री भयंकर गडगडाट झाला, विजा कोसळल्या, आणि ज्या जहाजाने ते कोल्लमला जाणार होते ते बुडालं. पुढे दिल्लीच्या सुलतानाने मलिकला बोलावून मारून टाकलं आणि काझी पळून गेला, असंही त्याच हकीकतीत आहे.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण एवढंच की त्या फॉरवर्डखाली लोक एकमेकांच्या धर्मावर तोंडसुख घेतायत, कुणी म्हणतं बघा यांनी काय केलं, कुणी म्हणतं बघा ते कशासाठी आले होते. प्रत्यक्ष हकीकतीत आसरा देणारं घर हिंदूचं आहे, 'सोडा त्यांना' म्हणणारी गर्दी ठाण्याचीच आहे, मारणाऱ्याला शिक्षा देणारा सुलतान मुसलमान आहे, आणि सगळ्याच्या मुळाशी नवऱ्याचा मार खाल्लेली एक ख्रिस्ती बाई आहे जिला न्याय मिळाला की नाही याचा पुढे कुणी एका ओळीनेही उल्लेख करत नाही.

चित्रातला प्रसंग आता या हकीकतीशेजारी ठेवून बघा. चित्रात दिवसाढवळ्या, राजासमोर, जमावासमोर मुंडकी उडवतायत. डावीकडे तिघं फ्रायर गुडघ्यावर रांगेत, त्यांच्यावर तलवार उगारलेली, उजवीकडे ज्यांचं संपलंय त्यांची डोकी जमिनीवर, आणि तिथला मारेकरी तलवार म्यानात घालतोय. मोजले तर चारापेक्षा जास्त फ्रायर भरतात. ठाण्यात तिघं एकत्र मेले ते रात्री, गुपचूप, आणि चौथा दोन दिवसांनी.

'राजवाडा' म्हणून जे दाखवलंय ती इमारत सिएनाच्या माणसाने सिएनात बसून रचलेली आहे. बारीक खांब, टोकदार कमानी, आत गॉथिक पद्धतीचं घुमटी छत, वरच्या कडेला छोटे छोटे पुतळे. अँब्रोजोने १३४२ मधे सिएनाच्या कॅथेड्रलसाठी येशूला मंदिरात अर्पण करण्याचा प्रसंग रंगवला, ते चित्र आज फ्लोरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहे, त्यातलं जेरुसलेमचं मंदिर बघा, तोच हात, तीच रचना, खांबांमागे खांब लावून खोली दाखवायची तीच आवड. जेरुसलेम असो, ठाणं असो की मोरोक्को, याच्याकडे दूरदेशीची इमारत म्हणजे ही. 'प्रत्यक्षदर्शी' शब्द इथे कुठल्याच अर्थाने लागू होत नाही, अँब्रोजो पूर्वेकडे कधी गेल्याचा पुरावा नाही, तो मुख्यतः सिएनात राहिला, तिथे आणि फ्लोरेन्सला काम केलं आणि बहुतेक १३४८ च्या प्लेगमधे गेला.

बघ्यांमधे 'मराठी लोक' शोधणाऱ्यांनी टोप्या बघाव्यात. उंच टोकदार टोपी घातलेला एक माणूस आहे, चेहरा सरळ सरळ मंगोल वळणाचा. असा चेहरा इतका नेमका त्या काळच्या इटालियन चित्रांत क्वचितच दिसतो आणि मला तर सगळ्या चित्रातला तोच भाग सगळ्यात जिवंत वाटतो. त्या काळात इराणपासून चीनपर्यंत मंगोलांची सत्ता होती, इटालियन व्यापारी ताब्रिझला जात होते, तिकडचं रेशमी कापड इटलीच्या बाजारात येत होतं, मंगोल दूत पोपकडे येऊन गेले होते. त्यामुळे सिएनाच्या चित्रकाराला 'लांबचा पूर्वेकडचा माणूस' म्हटलं की हा चेहरा आणि ही टोपी सुचायची. धोतर, पागोटं, कोकणातलं झाड, खाडी, होडी, यातलं काहीच चित्रात नाही. पण माणसांच्या चेहऱ्यांवर जे आहे ते बघण्यासारखं आहे, कुणी मान वळवलीय, कुणी टक लावून बघतोय, राजा काहीसा पुढे झुकल्यासारखा. अँब्रोजो इथे राजाला राक्षस करत नाही. ज्या माणसाने १३३८-३९ मधे सिएनाच्या नगरसभेच्या इमारतीत चांगलं राज्य आणि वाईट राज्य अशा अख्ख्या भिंती रंगवल्या त्याला सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा चेहरा कसा असतो याचा विचार करायची सवय होती.

शेजारच्या चित्रातला पोप कुणालाही ठाण्याला पाठवत नाहीये. तो पोप आठवा बोनिफेस, आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला तरुण म्हणजे लुई, नेपल्सच्या राजाचा मुलगा. याने गादीवरचा हक्क सोडला, धाकट्या भावाला दिला आणि १२९६ मधे फ्रान्सिस्कन झाला, तुलूझचा बिशप झाला आणि पुढच्याच वर्षी वारला. १३१७ ला त्याला संतपद मिळालं. चित्रात मागे मुकुट घातलेला एक माणूस हनुवटीला हात लावून बसलाय, तो बहुतेक लुईच्या घरातलाच, बाप किंवा ज्याला गादी मिळाली तो भाऊ रॉबर्ट. यात चौघं नाहीत, ठाणं नाही, १३२१ नाही.

मग शेवटी हे चित्र आहे तरी कुठलं? इथे जाणकारांतच मतभेद आहेत आणि उमेदवार तीन. पहिला, उत्तर आफ्रिकेतलं सेउता, जिथे १२२७ मधे डॅनियल आणि सहा साथीदार अशा सात फ्रायरांचा शिरच्छेद झाला. दुसरं ठाणं. तिसरं अलमालिक, मध्य आशियातल्या चगताई खानांची राजधानी, आज चीनच्या शिनजियांगमधे येते, तिथे १३३९ च्या सुमारास फ्रायरांची कत्तल झाली. प्रत्येकाच्या बाजूने काहीतरी आहे. शिरच्छेद आणि संख्या बघाल तर सेउता जवळचं. मंगोल टोपी बघाल तर अलमालिक, पण ते मानलं तर चित्र १३४० च्या आसपास किंवा नंतर काढलेलं असायला हवं, आणि बरेच जण ते त्याच्या आधीचं मानतात. आणि ठाण्याच्या बाजूने, सिएनाचा पीटर.

इथे गिबेर्ती कामाला येतो. त्याने वर्णन केलंय ते मठाच्या आतल्या चौकाच्या ओसरीत अँब्रोजोने काढलेल्या मोठ्या चित्रमालिकेचं, म्हणजे आज जे चित्र फिरतंय त्याचंच असं छातीठोक म्हणता येत नाही. त्या मालिकेत एक तरुण फ्रायर होतो, मग तो आणि त्याचे साथीदार वरिष्ठांकडे आशियात जायची परवानगी मागतात, निघतात, सुलतानासमोर उभे राहतात. त्यांना खांबाला बांधून छड्यांनी मारतात, मारणारे दमतात, घामाने निथळतात, तर त्यांच्या जागी दुसरे येतात. मग फ्रायरला झाडाला टांगतात आणि तो तिथूनही लोकांना उपदेश करतो. मग शिरच्छेद. आणि मग वादळ. गिबेर्ती त्या वादळावर इतका खूश आहे की थांबतच नाही, गारा, विजा, भूकंप, झाडं वाकून जमिनीला टेकलेली, काही मोडलेली, बायका पदर डोक्यावर घेऊन पळतायत, शिपायांनी ढाली डोक्यावर धरल्यात आणि त्या ढालींवर आपटून गारा उडतायत. वाचताना वाटतं आपण भिंतीसमोर उभे आहोत. ती भिंत जवळपास सगळी गेली, १९७० च्या दशकात तिचे काही तुकडे तेवढे सापडले.

आता ओदोरिकची हकीकत परत आठवा: झाडाला टांगलेला पीटर, खुनानंतरचा गडगडाट आणि विजा. या दोन गोष्टी एकत्र सेउताच्या कथेत मिळत नाहीत. सिएनाचा मठ, सिएनाचा रक्तसाक्षी (धर्मासाठी जीव दिलेला माणूस), आशियाला निघालेले फ्रायर, झाड आणि वादळ. माझं स्पष्ट मत असं की ठाण्याची बातमी त्या ओसरीच्या चित्रांमागे होती, छड्यांचा मार आणि दरबारी शिरच्छेद चित्रकाराने इतर रक्तसाक्षींच्या नेहमीच्या चित्रांतून घेतला असेल. पण हे मत ओसरीच्या, म्हणजे हरवलेल्या चित्रांबद्दल. फॉरवर्डमधे फिरतंय ते सभेच्या दालनातलं चित्र मानलं जातं, आणि त्याच्याबद्दल एवढंच म्हणता येतं की ते ठाणं असू शकेल. 'असू शकेल' आणि 'आपल्या ठाण्याचे चित्र' यात फार अंतर आहे, आणि ते अंतर गाळून टाकलं की उद्या कुणी सेउताचा संदर्भ दाखवला की सगळी गोष्टच खोटी ठरते, पीटरसकट.

ते दालन कुणासाठी होतं याचाही विचार करा. तिथे पर्यटक नव्हते, मठातली विशीतली पोरं बसायची, ज्यांच्यापैकी कुणालाही उद्या आर्मेनियाला, इराणला, चीनला जा म्हणून सांगितलं जाणार होतं. त्यांच्या समोरच्या भिंतीवर एकीकडे गादी सोडून आलेला राजपुत्र आणि दुसरीकडे लांबच्या देशात मान पुढे केलेले त्यांच्यासारखेच फ्रायर. पीटर गेला तेव्हा त्याला ओळखणारी माणसं या शहरात जिवंत असणार. अशा भिंतीवर चित्रकाराला ठाण्याचा नकाशा द्यायचाच नव्हता.

राहिली हाडं. ती सिएनात नाहीत. जॉर्डनसने मृतदेह सोपाऱ्याला नेऊन तिथल्या चर्चमधे पुरले, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात. ओदोरिक आला तेव्हा त्याने ती हाडं उकरून काढली, कापडात गुंडाळली आणि बरोबर घेऊन समुद्रमार्गे निघाला. वाटेत वारा पडला, जहाज हलेना, तेव्हा त्याने गुपचूप एक हाड समुद्रात टाकायला लावलं आणि वारा सुटला, असं तो लिहितो. शेवटी चीनमधल्या झैतून बंदरात, आजच्या च्वानचौमधे, फ्रान्सिस्कनांच्या मठात त्याने ती ठेवली. थॉमसचं डोकं मात्र त्याच्या गावी तोलेन्तिनोला पोचलं असं मानतात. तोलेन्तिनो मार्के प्रांतात आहे, सिएनाहून बरंच लांब, त्यामुळे ठाण्याच्या त्या चौघांसाठी म्हणून कुणी इटलीला जाणार असेल तर नुसती सिएनाची तिकिटं काढून भागणार नाही.